चरवीतली चांदी

माझ्या बहिणीच्या टाचेची जखम भरली, हे तिनं फोनवर सांगितलं तेव्हा मी नांदेडला आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एकटाच होतो, आणि एकटाच हसलो होतो. त्या हसण्याचीही आता लाज वाटते.

अक्का माझ्याहून बरीच मोठी. लातूरला दिलेली. तिला शुगरचा त्रास आहे. गेल्या उन्हाळ्यात तिच्या टाचेला भेग पडली, ती चिघळली, आणि दोन-तीन मलमं बदलूनही ओली ती ओलीच राहिली. मी प्राणिशास्त्र शिकवतो. माझ्या नावामागचं डॉक्टर हे पीएचडीचं. पण माझं बरंचसं आयुष्य चांदीच्या अतिसूक्ष्म कणांवर काम करण्यात गेलं आहे, आणि चांदीनं जंतू मरतात हे तर जुनंच. म्हणून प्रयोगशाळेतून एक छोटी तपकिरी बाटली भरून मी तिच्यासाठी नेली.

चांदीच्या क्षाराच्या पाण्यात तुळशीच्या पानांचा काढा ओतला की ते पाणी हळूहळू कोऱ्या चहासारखं होतं. तो रंग म्हणजे चांदीचे कण. एका केसाच्या जाडीचे हजारो भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढे. आमच्या भागातल्या बहुतेक महाविद्यालयांत हे काम चालतं, कारण त्याला फार महागडं काही लागत नाही. कुणी कडुनिंबापासून करतं, कुणी सीताफळापासून, कुणी शेवग्यापासून. आमच्या रसायनशास्त्राच्या विभागातला माझा एक मित्र म्हणतो, "मराठवाड्यात आता एकच पान उरलंय ज्याच्यापासून कुणी चांदी काढली न्हाई, ते म्हणजे खायचं पान. तेबी कुणीतरी करून राहिलं असंल."

माझं काम कण बनवण्यापाशी थांबत नाही. ते जिवंत शरीरात गेल्यावर कुठं जातात, हे मी पाहतो. त्यासाठी आम्ही लहान पट्टेरी मासे पाळतो. त्यांची अंडी काचेसारखी पारदर्शक असतात. एका खास सूक्ष्मदर्शकाखाली सगळं काळं दिसतं आणि त्या काळोखात अंड्याची कड उजळते, आतला गर्भ धूसर दिसतो, आणि चांदीचे कण रंगीत ठिपक्यांसारखे चमकतात. निळे, हिरवे, एखादा तांबडा. ते सतत थरथरत असतात. अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रं असतात. त्यांतून ते आत जातात. काही पुन्हा बाहेर येतात. काही आत एका जागी येऊन थांबतात ते थांबतातच. कोणता कण थांबेल आणि का, हे मला इतक्या वर्षांत सांगता आलेलं नाही.

हे सगळं मी अक्काला सांगितलं नव्हतं. तिनं बाटली उजेडात धरून विचारलं होतं, "इंग्रजी औषध हाय का रे हे? मला सोसत न्हाई इंग्रजी."

"न्हाई अक्का. तुळस अन् चांदी. यात केमिकल न्हाई."

माझं वाक्य होतं ते. मुलांना शिकवताना, परिषदेत बोलताना, निधी मागताना मी ते इतक्यांदा वापरलं होतं की घरच्या भाषेत ते आपोआप आलं. हरित पद्धत, पर्यावरणपूरक, सुरक्षित. क्षाराचं पाणी, कण, कणांवरून सुटत राहणारी चांदी, हे सगळं त्या वाक्याबाहेर राहिलं. तरी मी तिला एवढं नीट सांगितलं होतं, की कापसानं लावायचं, सकाळ-संध्याकाळ. ते तिनं केलं, आणि जखम भरली.

त्यानंतर तिनं आणखी बाटली मागितली. मी ट्रॅव्हल्सवाल्याकडं दिली. मग अजून एक मागितली, जरा मोठी. तीही दिली. टाच बरी झाली होती, हे तिनंच मला सांगितलं होतं. तरी मी विचारलं नाही की आता कशाला. मला बरं वाटत होतं. माझ्या हाताखाली झालेले प्रबंध ग्रंथालयात धूळ खात पडलेत, माझे लेख कोण वाचतं ते मला माहीत नाही, आणि इथं माझी सख्खी बहीण माझ्या कामाची बाटली मागत होती. विचारलं असतं तर तिनं सरळ सांगितलं असतं. लपवण्यासारखं तिच्या मनात काही नव्हतं.

माझी भाची, अक्काची एकुलती एक लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. जरा लवकरच, पाचव्या महिन्यात, कारण पुण्याला तिला अन्न ठरत नव्हतं आणि जावई दिवसभर नोकरीवर. सातव्यात अक्कानं डोहाळजेवण ठेवलं आणि मी हिरवी साडी घेऊन सकाळच्या गाडीनं लातूरला गेलो.

लातूरच्या घरांत पाणी साठवण्याची एक वेगळीच व्यवस्था असते. नळ कितव्या दिवशी येईल याचा नेम नाही, म्हणून गच्चीवर टाक्या, न्हाणीत पिंपं, स्वयंपाकघरात घागरी, आणि प्रत्येक पाण्याचं काम वेगळं. जुनं पाणी कोणतं आणि ताजं कोणतं हे घरातल्या बायकांना झाकणावरून कळतं. अक्काच्या स्वयंपाकघरात कट्ट्यावर एक पितळेची कल्हई केलेली चरवी वेगळी ठेवलेली होती. फक्त भाचीसाठी. साठवलेल्या पाण्याला वास लागू नये म्हणून त्यात चांदीचा रुपया टाकायची आमच्या आईपासूनची रीत, आणि वर तुळशीचं पान. हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो.

चरवीच्या शेजारी माझी बाटली होती. निम्मी झालेली.

मी ती पाहिली तेव्हा बाहेरच्या खोलीत बायका जमल्या होत्या. भाचीला पाटावर बसवलं होतं, फुलांची वाडी चढवली होती, ती लाजत होती आणि घामेजली होती. अक्का आतून चरवीतलं पाणी फुलपात्रात घेऊन आली आणि सगळ्यांसमोर कौतुकानं म्हणाली, "हे माझ्या भावानं केलेलं पाणी हाय बरं का. तुळस अन् चांदी. रोज एक झाकण टाकते मी चरवीत. तवापासून उलट्या न्हाईत का काही न्हाई, बघा कशी टवटवीत झाली पोरगी."

शेजारच्या एक चाची भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मास्तर, आमच्या सुनेलाबी एखादी शिशी आणा की. तिलाबी दिवस गेलेत."

दाजी दारात उभे होते. त्यांना अशा वेळी राहवत नाही. "आणा, आणा. अन् आमच्या पाव्हण्याची चलाखी बघा. बारशाला वाळे-बिंदल्या आणाव्या लागतात म्हणून चांदी आधीच पोटात धाडून दिली!"

सगळ्या हसल्या. भाचीही हसली आणि हसता हसता तिनं फुलपात्र तोंडाला लावलं.

मी तिथंच उभा होतो, हातात साडीची पिशवी. तिला थांबवायला एक शब्द पुरला असता. पण समोर ओटीचं ताट होतं, इतक्या बायका होत्या, आणि माझ्या डोक्यात असं काही चाललं होतं की एवढा एक घोट गेला तर काय फरक पडतो, मागच्या दोन महिन्यांत एवढं गेलंय. ती घटाघटा पाणी प्यायली. तिला तहान लागली होती. तो घोट मी पाहिला आणि गप्प राहिलो. बाकीच्या दोन महिन्यांबद्दल मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकतो. त्या घोटाबद्दल म्हणू शकत नाही.

पंगत उठल्यावर मी अक्काला स्वयंपाकघरात गाठलं आणि बाटली उचलून पिशवीत घातली.

"अरं, कामून काढून घिऊन राहिलास?"

"अक्का, हे प्यायचं नसतंय. लावायचं दिलं होतं मी."

"मंग? तुळस आपण पाण्यात टाकतोच. चांदीचा रुपया टाकतोच. त्यात अन् ह्यात काय?"

मी तिला सांगायचा प्रयत्न केला. रुपया चरवीच्या तळाशी बसतो, संध्याकाळी काढला तर तेवढाच्या तेवढा निघतो. बाटलीतली चांदी खाली बसतच नाही. ती पाण्याबरोबर जाते. ती इतकी बारीक असते की तिला शरीरात वाटा सापडतात.

"मंग बाहीर यील की. जे खाल्लं ते बाहीर येतंच."

"बरंच येतं. सगळं येतं का, ते माहीत न्हाई."

"कुणाला माहीत न्हाई?"

"कुणालाच. मलाबी."

तिनं हातातलं ताट खाली ठेवलं. अक्का रागावली की आवाज चढवत नाही, उलट हळू बोलते. "तुझं कामच हे हाय ना? आम्ही गावभर सांगतो, आमचा बापू मोठा शास्त्रज्ञ हाय. मंग तुला माहीत न्हाई तर दिलंस कामून?"

मी म्हणालो, टाचेला दिलं होतं. आणि म्हणताना मलाच कळलं की मी अंग काढून घेतोय. तिलाही कळलं असावं. मोरीत जाऊन तिनं चरवी पालथी केली. लातूरच्या घरात मी पिण्याचं पाणी असं कधी सांडलेलं पाहिलं नव्हतं. रुपया खणखणत मोरीच्या जाळीपर्यंत गेला. तो तिनं उचलला नाही.

मग पदरानं हात पुसत ती म्हणाली, "तिला सांगू नको. पहिलटकरीण हाय. भेवानंच काही होऊन बसायचं."

मी हो म्हणालो. एवढं लगेच हो म्हणालो की ते तिच्या भल्यासाठी होतं का माझ्या, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

नांदेडला परतलो आणि मी जे जे वाचायला हवं होतं ते पुन्हा वाचायला लागलो. नवं काही हाती लागत नव्हतं. उंदरांवर काय झालं, माशांवर काय झालं, वेगळ्या केलेल्या पेशींवर काय झालं. कुठं कण यकृतात सापडले, कुठं गर्भाला पोसणाऱ्या वारेत, कुठं सापडलेच नाहीत. कणांचा आकार वेगळा, मात्रा वेगळी, देण्याची रीत वेगळी. शेवटी प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य की अधिक अभ्यासाची गरज आहे. ते वाक्य मीही माझ्या प्रत्येक लेखाच्या शेवटी लिहिलं आहे. ते लिहिलं की लेख संपवता येतो, म्हणून लिहितात. एखादी बाई खरंच उत्तर शोधत तिथपर्यंत येईल, असं लिहिणाऱ्याच्या मनात नसतं. माझ्या तरी नव्हतं.

मी प्रयोगशाळेत माझी अंडीही पुन्हा पाहिली. जास्त मात्रेत काही गर्भांची शेपटी वाकडी होते, काहींच्या हृदयाभोवती पाणी साचतं. कमी मात्रेत बहुतेक अंडी नीट फुटतात आणि पिल्लं पोहायला लागतात. पण अक्काचं झाकण म्हणजे यातली कोणती मात्रा, हे काढायला मला जमेना. अंडं त्या पाण्यातच राहतं. भाचीनं ते पाणी प्यायलं होतं. पोटातल्या आम्लात कणांचं काय झालं, त्यातलं रक्तात किती गेलं, रक्तातून वारेपर्यंत किती, वारेतून पलीकडं किती? प्रत्येक पायरीला मी एक अंदाज धरायचो आणि पुढच्या पायरीला तो मोडायचा. पूर्वी मी असा विचार करायचो की हे पारदर्शक अंडं म्हणजे आपलं भाग्य, आत सगळं दिसतं. आता गरोदर बायकांकडं बघून भीती वाटायची. काहीच दिसत नाही.

रसायनशास्त्रातल्या त्या मित्राला मी सगळं सांगितलं. त्याचं घराणं जुन्या नांदेडातलं, आजोबा मिठाईवरचा चांदीचा वर्ख कुटायचे. आधी तो मला धीर द्यायला हसला. "हमारे दादा सारी उम्र वर्ख कूटते रहे. चांदी खाई बी, खिलाई बी. कुछ हुआ क्या?"

"किती वर्षं जगले?"

"वो छोड यार. मेरे को मालूम नै." मग तो खुर्ची ओढून बसला आणि मराठीत आला. "वर्खाचा तुकडा केवढा अन् तुझा कण केवढा, हे तूच मला शिकवलंयस. मी तुला काय समजावू?"

मी त्याला विचारलं, रक्त तपासता येईल का. हैदराबादला चांदी मोजणारं यंत्र असलेली जागा त्याच्या ओळखीची होती.

"येईल. आकडा येईल. चांदी किती, एवढंच. कण हाय का नुसती विरघळलेली चांदी, ते न्हाई सांगणार. कुठं बसलीय ते न्हाई सांगणार. अन् आकडा आल्यावर तू कशाशी ताडून बघशील? गरोदर बाईला एवढी चालते अन् एवढी चालत न्हाई, असं कुठं लिहिलंय?"

"कुठं न्हाई."

"मंग एक सुई टोचून तू तिला फक्त भेव देशील."

तो खरं बोलत होता. तरी काही दिवस मी हैदराबादचा विचार सोडला नाही. काहीतरी करत असल्यासारखं वाटायचं.

पुढच्या तपासणीला मी लातूरला गेलो. अक्काला म्हणालो, डॉक्टरीणबाईंना तरी सांगायलाच हवं. भाचीला तपासून बाहेर पाठवल्यावर आम्ही दोघं आत थांबलो. मी सगळं सांगितलं; काय, कसं, कधीपासून. त्या शांतपणे ऐकत होत्या. त्यांचा बाहेर खोळंबलेला दवाखाना मला दारातून दिसत होता.

"वाढ बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "ठोके बरोबर आहेत. गर्भाभोवतीचं पाणी बरोबर आहे. सोनोग्राफीत मला काही वावगं दिसत नाही."

"सोनोग्राफीत ते दिसणार नाही मॅडम."

"मग मी काय तपासू? तुम्ही सांगा, मी लिहून देते. यातलं तुम्हालाच जास्त कळतं ना?"

त्यांनी पेन उचललंही होतं. टोमणा नव्हता तो; त्या खरोखर वाट बघत होत्या. मी खाली मान घालून म्हणालो, सांगण्यासारखं काही नाही. त्यांनी पेन ठेवलं. "पाणी बंद केलंत, बरं केलंत. बाकी नेहमीसारखं चालू द्या," असं म्हणून त्यांनी पुढच्या बाईला आत बोलावलं.

घरी आल्यावर भाचीनं मला गच्चीवर बोलावलं. ती टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून बसली होती. बी.कॉम. झालेली, लग्नाआधी दोन वर्षं नोकरी केलेली मुलगी आहे ती. तिला मूर्ख समजून चालण्यात मी एकटा नव्हतो, पण मीही त्यात होतो.

"मामा, डोहाळजेवणापासून चरवी रिकामी हाय. आई माझ्याकडं बघून डोळे पुसती. तुम्ही एवढ्या लांबून तपासणीला येता. दोघं आत थांबता. मला विचारायचं न्हाई का कुणी?"

मी तिला सांगितलं. यावेळी सोपं करून सांगितलं नाही. जे माहीत आहे ते, अन् जे माहीत नाही तेही. तिचा हात पोटावर होता, तो तिथंच राहिला.

"आता कुठं असंल ते?" तिनं विचारलं.

"बरंचसं निघून गेलं असंल."

"अन् उरलेलं?"

"मला माहीत न्हाई, माय."

"तुमच्या माशांचं दाखवा."

माझ्या फोनमध्ये एक चित्रफीत होती. दाखवावी का नको, असा विचार करत होतो तोवर तिनं हात पुढं केला. उन्हात नीट दिसेना म्हणून तिनं पदराचा आडोसा केला आणि फोन आत घेतला. गर्भाचं हृदय धडधडताना दिसतं त्यात. त्याच्या आजूबाजूला ठिपके, थरथरणारे. त्यातले दोन-तीन हृदयाच्या अगदी जवळ थांबलेले.

"किती सुंदर दिसतंय," ती म्हणाली. मला वाटतं ते तिच्या तोंडून नकळत गेलं, कारण पुढच्याच क्षणी तिनं विचारलं, "हे जगलं का?"

"हे जगलं."

"सगळे जगतात?"

"बहुतेक."

तिनं फोन परत दिला. रडेल, ओरडेल, खाली जाऊन नवऱ्याला फोन करेल, अशी माझी तयारी होती. ती म्हणाली, "तवा तुम्ही तिथंच उभे होता ना? मी पाणी पिले तवा?"

"हाव."

"मला वाटलंच होतं. तुमचा चेहरा उतरला होता. मला वाटलं साडीचा रंग चुकला म्हणून." एवढं बोलून ती उठली, कठड्याला धरत धरत जिना उतरली. मी हात द्यायला पुढं झालो, तो तिनं घेतला नाही.

त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही. अक्का फोनवर सांगायची. जेवती, झोपती, गप गप असती. चाचींना मी स्वतः जाऊन सांगितलं की बाटली मिळणार नाही, ती पिण्याची नाही. त्यांना वाटलं मी टाळतोय. "बरं मास्तर, घरच्यांपुरतीच असंल," असं त्या म्हणाल्या. महाविद्यालयात एका विद्यार्थिनीच्या भित्तिपत्रकावर मी 'सुरक्षित' हा शब्द खोडला. ती म्हणाली, सर, मागच्या वर्षीच्या सगळ्यांनी लिहिलाय, तुम्हीच लिहायला सांगितला होता.

मग एका सकाळी दाजींचा फोन आला. पोरगी झाली. वजन चांगलं, रडली चांगली, माय-लेक खुशाल. अभिनंदन म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात ते म्हणाले, "पण तुम्ही निघा. लवकर निघा. ही लेकराला अंगावर घिऊन न्हाई राहिली. नर्स सांगून थकली, आई सांगून थकली. मामा आल्याबिगर न्हाई म्हणती."

लोह्यापर्यंत मला बसायला जागा मिळाली नाही. अहमदपूरला गाडी चहासाठी थांबली आणि मी कंडक्टरला चला म्हणून सांगायला गेलो. त्यानं माझ्याकडं नुसतं बघितलं. दुधाबद्दल मी काय वाचलं होतं ते आठवायचा प्रयत्न करत होतो. उंदरांच्या दुधातून थोडं पिल्लांत जातं असं वाचल्याचं आठवत होतं. पण ते किती, आणि पाणी बंद होऊन आठवडे उलटल्यावर माणसाच्या दुधात काय उरतं, याला माझ्याकडं काही नव्हतं. दुसरीकडं, पहिलं दूध न मिळालेल्या लेकराचं काय होतं, हे कुणालाही माहीत आहे.

दवाखान्याच्या खोलीत अक्का खाटेच्या पायथ्याशी बसली होती. बाळ दुपट्यात गुंडाळून तिच्या मांडीवर. रडून रडून त्याचा आवाज बारीक झाला होता. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या होत्या. पाजा, त्यात विचार करण्यासारखं काही नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं होतं. भाची भिंतीला टेकून बसली होती. गाऊनच्या छातीवर दुधाचे ओले डाग पसरले होते.

"सांगा," ती म्हणाली. "पाजू का?"

अक्का माझ्याकडं अशी बघत होती की मी लवकर हो म्हणावं. मी आधीच हो म्हणायचं ठरवलं होतं.

"पाज," मी म्हणालो.

"तुम्हाला माहीत हाय म्हणून सांगू राहिले, का नुसतं सांगू राहिले?"

"नुसतं सांगतोय. माहीत न्हाई मला. पण पाज."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी नजर काढली नाही. तेवढं एक मला जमलं. मग तिनं हात पुढं केले. अक्कानं बाळ तिच्या ओंजळीत दिलं आणि मी दाराकडं वळलो.

"जाऊ नका," भाची पाठीमागून म्हणाली. "इथंच थांबा. तिकडं तोंड करून थांबा."

मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. बाळाला आधी धरता येत नव्हतं. ते चिडत होतं, अक्का हळू आवाजात शिकवत होती, मान जरा वर घे, अशी. मग खोलीतलं रडणं एकदम थांबलं. थोड्या वेळानं गिळण्याचा आवाज यायला लागला. आधी अडखळत, मग एकसारखा. मी तो ऐकत राहिलो आणि घोटागणिक मनात म्हणत राहिलो की यात काही नसेल, यात काही नसेल.